मुदत कोणाची संपते

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर त्याची मुदत संपण्याची तारीख स्वच्छ छापलेली होती. त्या दिवशी तिला अठरा वर्षे पूर्ण होणार होती; तोपर्यंतच तो दाखला चालणार होता आणि त्यानंतर पुन्हा तपासणी करून नवा दाखला काढायचा होता. दाखला देणाऱ्या रुग्णालयाला ही तारीख ठाऊक होती, तिला दरमहा अनुदान देणाऱ्या तहसील कार्यालयाच्या फायलीत त्याच दाखल्याची झेरॉक्स लावलेली होती, आणि केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर नोंद असल्यामुळे संगणकालाही ती माहीत होती. अचानक उद्भवावे असे यात काहीच नव्हते. तरीही ती तारीख आली, उलटून गेली, अनुदान थांबले, आणि नवा दाखला हातात पडेपर्यंत २०२४चा उन्हाळा, पावसाळा आणि द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी असे सगळे निघून गेले.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना लहानपणी कायमस्वरूपी दाखला देत नाहीत. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०१८ रोजी काढलेल्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वयाच्या पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी दाखल्याचे नूतनीकरण व्हायचे आणि अठराव्या वर्षी मिळणारा दाखला आयुष्यभर चालायचा, अशी ही रचना ठरली. यामागचा विचार मला मनापासून पटतो. मूल वाढते, शिकते, चांगली विशेष शाळा मिळाली तर कितीतरी गोष्टी स्वतःच्या स्वतः करू लागते. तीन वर्षांच्या मुलीवर मारलेला शिक्का तिने जन्मभर वागवू नये. पण पुन्हा तपासणी करण्याचा नियम ज्यांनी केला, त्यांनी ती तपासणी वेळेवर होईल एवढी माणसेही तपासणीच्या जागी ठेवायला हवी होती. ती नसतील, तर मुलीच्या भल्यासाठी केलेला नियमच तिचे अनुदान तोडायला कारण होतो, आणि आमच्या घरात नेमके तेच घडले.

ताईचे सासर जत तालुक्यात आहे. क्षेत्रफळाने सांगली जिल्ह्यातला हा सगळ्यांत मोठा तालुका. उमदीसारख्या पूर्वेकडच्या गावातून जतला यायचे म्हटले तरी चाळीसेक किलोमीटर पडतात आणि जतहून सांगली आणखी ऐंशी-नव्वद. दाजी दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत रोजंदारीवर जातात. ताईला कामाला जाता येत नाही, कारण मुलीला फिट येतात आणि तिला घरात एकटी ठेवता येत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मुलीला महिन्याला १५०० रुपये मिळत असत. गावाकडे या रकमेला सगळे पगारच म्हणतात, आणि त्या घरात तो खरोखर पगारासारखाच ठरलेल्या कामांना वाटलेला होता: फिटच्या गोळ्या, रात्री लागणारे डायपर, आणि उरले तर शाळेच्या रिक्षाचे थोडे पैसे. दिव्यांग व्यक्तीला ही योजना मिळण्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला चार हजार आणि वर शे-दीडशे. अशा घराचे १५०० रुपये सहा महिने थांबले तर नऊ हजार बुडतात, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा जवळपास पाचवा हिस्सा. नोकरदार माणसाचा पाचवा हिस्सा पगार असा न कळवता थांबला असता तर त्याने काय केले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आम्ही ज्या रुग्णालयात खेटे घातले त्याचे नाव मी लिहीत नाही. दोष एका इमारतीचा किंवा एका डॉक्टरांचा नाही, आणि तसा तो मला कोणावर टाकायचाही नाही. दिव्यांगत्व तपासणीला लोक बोर्ड म्हणतात. बोर्डाचा वार ठरलेला असतो. हाडांचे डॉक्टर त्या दिवशी बहुधा असतात, डोळ्यांचे असतात, कानाच्या तपासणीचे यंत्र चालू असले तर तेही काम होते. बौद्धिक दिव्यांगत्वाची चाचणी मात्र मानसशास्त्रज्ञांना घ्यावी लागते आणि ते दुसरीकडून यायचे होते. ते आले नाहीत की त्या रांगेतल्या सगळ्यांना पुढच्या आठवड्यात या असे सांगितले जाई. पाय गमावलेल्या माणसाचा दाखला त्याच दिवशी होतो आणि बुद्धीने मागे राहिलेल्या मुलीचा होत नाही, हे ताईला कोणी समजावून सांगितले नव्हते. तिला वाटत होते की आपलेच काही कागद कमी पडत असावेत, आणि ती दर वेळी आणखी एक झेरॉक्स काढून पिशवीत ठेवत असे.

एकदाची चाचणी झाली त्या दिवशी मी सोबत होते. ताई मुलीला घेऊन पहाटेच्या पहिल्या एसटीने निघाली होती. केस पेपर, मग नोंद, मग फोटो जुळत नाही म्हणून पुन्हा नोंद, असे करत दुपारचे तीन वाजले. मुलगी उपाशी नव्हती, पण तिची झोप झाली नव्हती, जागा अनोळखी होती, लोखंडी बाक सरकवल्याचा आवाज झाला की ती दोन्ही कानांवर हात ठेवत होती. आत गेल्यावर मानसशास्त्रज्ञ बाईंनी अतिशय शांतपणे प्रश्न विचारायला सुरुवात केली. ही चाचणी म्हणजे व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल. तिच्यात माणूस रोजच्या जगण्यातले काय काय स्वतः करू शकतो हे बघतात, आणि बरीचशी माहिती आईकडूनच घ्यावी लागते. स्वतः जेवते का, अंघोळ करते का, कपड्यांची उलटी-सुलटी बाजू कळते का, दुकानातून सांगितलेली वस्तू आणते का.

ताईने पहिल्या प्रश्नालाच उत्तर दिले, “सगळं करती की मॅडम, फकस्त सांगाय लागतंय.”

बाईंनी टेबलावर दहा रुपयांची आणि पन्नास रुपयांची नोट ठेवली आणि जास्त कोणती असे विचारले. मुलीने दहाची उचलली. तिच्या हातात दुकानासाठी नेहमी दहाचीच नोट दिली जाते, त्यामुळे तिच्या लेखी नोट म्हणजे तीच. ताई चटकन म्हणाली, “घरी ओळखती ती, आज दमलीय.” तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, “ताई, तिला जे येतं ते ऐकून मला आनंदच आहे. पण जे येत नाही ते तुम्ही सांगितलं नाही, तर टक्के कमी बसतील आणि तोटा तिचाच होईल.” त्यानंतर माझ्या बहिणीने, मुलगी शेजारी बसलेली असताना, तिला काय काय येत नाही ते एकेक करून सांगितले. सतरा-अठरा वर्षे जिने या मुलीला पेला धरायला, बटण लावायला, पाळीच्या दिवसांत स्वतःची काळजी घ्यायला शिकवले, तिच्या तोंडून ती यादी ऐकणे मला फार जड गेले. आणि ही यादी तिने पहिल्यांदा सांगितलेली नव्हती. नोंदणीच्या टेबलावर, आधीच्या खेपेला बदली आलेल्या डॉक्टरांपुढे, सेतू केंद्रात अर्ज भरणाऱ्या मुलापुढे, अशी ती कितीदा तरी सांगून झालेली होती. प्रत्येक पुढची तारीख म्हणजे ती यादी पुन्हा एकदा म्हणणे, हा विलंबाचा भाग कोणत्याही नोंदवहीत चढत नाही.

उशिराचा परिणाम खुद्द मूल्यमापनावरही होतो, आणि हे मला फार गंभीर वाटते. पहाटे उठवलेली, पाच-सहा तास गर्दीत बसवलेली मुलगी चाचणीला बसते तेव्हा समोरच्याला तिची बुद्धी दिसते की तिचा थकवा? आधीच्या एका खेपेला आमच्या मुलीच्या कागदावर ‘सहकार्य करीत नाही’ असा शेरा मारून तिला परत पाठवले होते. ज्या मुलीला अनोळखी गोंगाटात थांबता येत नाही म्हणूनच दाखल्याची गरज आहे, तिने गोंगाटात थांबून दाखवावे अशी ही अपेक्षा होती. त्यातच जतच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात. त्याच दिवशी आमच्या पुढच्या नंबरला असलेल्या मुलाची आजी कन्नडमधून उत्तरे देत होती आणि बाहेर बसलेला एक रिक्षावाला मधे उभा राहून मराठीत सांगत होता. त्या मुलाची चाचणी निदान झाली, एवढेच बरे म्हणायचे.

डॉक्टरांची बाजूही मी पाहिली आहे आणि ती सांगितली नाही तर हे लिहिणे अपुरे राहील. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, स्वमग्नता, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती, या सगळ्यांना कायद्याने ओळख दिली ही फार मोठी गोष्ट होती आणि ती उशिराच झाली. मात्र प्रकार तिप्पट झाले म्हणून तपासणारे हात तिप्पट झाले नाहीत. जे अस्थिरोगतज्ज्ञ सकाळी ओपीडी काढतात आणि दुपारी शस्त्रक्रिया करतात, तेच बोर्डाच्या दिवशी दाखलेही लिहितात. २०२१च्या जूनपासून दाखला पोर्टलवरूनच देणे बंधनकारक झाले, त्याने गैरप्रकाराला आळा बसला आणि दिव्यांगांच्या कार्डाची देशभर एकच ओळख झाली. पण सर्व्हर बंद पडला की त्या दिवशीची सगळी रांग घरी जाते, ही त्याची दुसरी बाजू. मग २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून देशभर गदारोळ झाला. त्यानंतर प्रत्येक कागदाकडे संशयाने बघितले जाऊ लागले. बोगस दाखले शोधलेच पाहिजेत, कारण ते खऱ्या दिव्यांगांच्याच वाट्याचे ओरबाडतात. तरी त्या शोधाचा वेळ ज्यांच्याकडून वसूल होतो ती माणसे जतच्या एसटीतून उतरणारी असतात.

आता नियम काय म्हणतात ते पाहू. २०१७च्या नियमांनी अर्ज मिळाल्यापासून एका महिन्यात दाखला द्यावा असे सांगितले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली आणि ही मुदत तीन महिने करण्यात आली. एका महिन्यात काम होत नव्हते हे खरेच होते. त्यावर माणसे वाढवण्याऐवजी मुदत वाढवली गेली, एवढे मात्र नोंदवून ठेवावेसे वाटते. त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे. अर्जावर दोन वर्षे निर्णय झाला नाही तर तो अर्ज निष्क्रिय ठरतो आणि अर्जदाराने पुन्हा नव्याने अर्ज करायचा. मी ही तरतूद पुन्हा पुन्हा वाचली, कारण माझा तिच्यावर विश्वास बसेना. निर्णय दुसऱ्याने द्यायचा, तो त्याने दिला नाही, आणि मुदत संपली ती मात्र वाट बघणाऱ्याची.

सगळी व्यवस्थाच अशी एका बाजूला कललेली आहे. दाखल्याची मुदत अठराव्या वाढदिवसाला संपते. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणजे फेब्रुवारीत काढलेला उत्पन्नाचा दाखला बोर्डाची तारीख मिळेपर्यंत शिळा होतो आणि तलाठ्याकडे पुन्हा जावे लागते. हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा, आधार बँक खात्याला जोडलेले ठेवायचे, बोटांचे ठसे उमटले नाहीत तर तेही नव्याने. दिव्यांग माणसाने प्रत्येक कागद ताजा ठेवायचा. तहसीलमधल्या फायलीला मात्र शिळी होण्याची भीती नाही. ताईच्या मुलीच्या बाबतीत मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि ऑक्टोबरात विधानसभेची. दाखला मिळाल्यावर तो घेऊन ती तहसीलला गेली तेव्हा आचारसंहितेमुळे अनुदान मंजूर करणाऱ्या समितीची बैठक नाही, असे उत्तर मिळाले. हे उत्तर खोटे नव्हते. पण जी मुलगी वर्षानुवर्षे लाभार्थी होती, जिच्या आजारात काही बदल झालेला नव्हता, तिचे नाव आचारसंहितेत नव्या लाभार्थ्यांच्या यादीत कसे गेले, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

नकार मिळाला तर दाद मागता येते. २०१६च्या कायद्याच्या कलम ५९ मध्ये दाखल्याच्या निर्णयावर अपिलाची सोय आहे. दिव्यांगत्व चाळीस टक्के हवे असताना पस्तीस बसले तर माणूस तिथे जाऊ शकतो. निर्णयच आला नाही तर अपील कशावर करायचे? महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा केला, त्यात अधिसूचित सेवांना मुदत आहे, पहिले आणि दुसरे अपील आहे, आणि विनाकारण उशीर लावणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूदही आहे. मला हा कायदा मनापासून आवडतो. पण त्याचा वापर करायला अर्जाची पोच लागते, आणि ताईसारख्या बायका पोच मागत नाहीत. साहेबांना राग येईल, पुढचे काम अडेल, या भीतीने त्या कागद देतात आणि हात जोडून बाहेर येतात. मी तिला पहिल्यांदा पोच मागायला लावली तेव्हा टेबलामागच्या माणसाने कसलीही खळखळ न करता शिक्का मारून दिला. मागितली असती तर आधीही मिळाली असती. ती मागायची असते हे तिला आजवर कोणीच सांगितले नव्हते.

परदेशात सगळे आलबेल असते असे मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये २०१३ पासून दिव्यांगांसाठी ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ नावाचे साहाय्य आहे, आणि तिथले लोकही मूल्यमापनासाठी महिनोन्महिने खोळंबतात, चुकीच्या निर्णयांवर अपिले करून थकतात. पण तिथे अर्ज मंजूर झाला की रक्कम सर्वसाधारणपणे अर्ज केल्याच्या तारखेपासून धरून मागची थकबाकी देतात. याचा अर्थ साधा आहे. उशीर सरकारने केला तर त्याचे पैसे सरकारच्या खात्यातून जातात, म्हणून उशीर कमी करण्यात सरकारचाही काही फायदा असतो. आपल्याकडे ताईच्या मुलीचे अनुदान मंजुरीनंतर सुरू झाले आणि मधले महिने कोरडे गेले. हे महिने कोणाच्याच हिशेबात खर्च म्हणून दिसत नाहीत. उलट तेवढी रक्कम वाचलेली दिसते. जोपर्यंत उशिराने तिजोरीत पैसे राहतात, तोपर्यंत उशीर थांबवण्याची घाई कोणाला का असावी?

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, नंतर ‘दिव्यांगांच्या दारी’ हे अभियान राबवले, आणि २०२५ मध्ये या अनुदानाची रक्कम दिव्यांगांसाठी १५०० वरून २५०० रुपये केली. या तिन्ही गोष्टींचा आमच्या घरात आनंद झाला. शिबिरे चांगली असतात, तालुक्याच्या गावी डॉक्टर येतात तेव्हा प्रवासाचा खर्च वाचतो, आणि जे काम रुग्णालयात अनेक फेऱ्यांत होत नाही ते मांडवाखाली एका दिवसात होते. पण शिबिर दिवाळीनंतर लागले तर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावात नसतात. त्यांच्या मुलांची तपासणी पुढच्या शिबिरावर जाते, आणि पुढचे शिबिर कधी ते कोणालाच माहीत नसते. मला शिबिरापेक्षा ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक ठरलेला, कधीही न चुकणारा दिवस जास्त मोलाचा वाटतो. आणि त्याहूनही एक सोपी गोष्ट करता येईल, जिला नवे डॉक्टर लागत नाहीत, यंत्र लागत नाही, की सर्व्हर लागत नाही: मुदत संपण्याआधी ज्याने फेरतपासणीचा अर्ज दिला आहे, त्याचे चालू अनुदान निर्णय होईपर्यंत थांबवायचे नाही. तपासणीत अपात्र ठरला तर त्या दिवसापासून बंद करावे. एवढा एक आदेश काढला तर माझ्या भाचीसारख्या मुलींच्या गोळ्या तुटणार नाहीत.

तिला शेवटी ७५ टक्क्यांचा कायमस्वरूपी दाखला मिळाला. विधानसभेची निवडणूक झाल्यावर समितीची बैठक झाली, नाव मंजूर झाले, आणि काही आठवड्यांनी दाजींच्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. ताईने त्यानंतर तहसीलला जाऊन मधल्या महिन्यांचे काय, असे विचारले. तिथल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी तिला खुर्ची दिली, फाईल काढून पाहिली आणि म्हणाल्या, “ताई, तशी तरतूद नाही हो, मंजुरीपासूनच मिळतात.” मागच्या वर्षी हे ऐकून ती उठून आली असती. या वेळी तिने पिशवीतून आधीच लिहून नेलेला अर्ज काढला, बुडालेल्या महिन्यांचे अनुदान मिळावे म्हणून केलेला, आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. तरतूद नाही हे उत्तर तिने आता लेखी मागितले आहे, कारण लेखी उत्तर हाती आले की त्यावर अपील करता येते.